फाइल बदलली की नोंद आपोआप: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळच्या पत्रांत एकच मागणी वेगवेगळ्या शब्दांत आली आहे: फाइलीत झालेला बदल संगणकाने स्वतःहून नोंदवून ठेवावा आणि हवी तेव्हा जुनी आवृत्ती परत मिळावी. उत्तरांत बहुतेक ठिकाणी आम्ही गिट हे मोफत साधन धरले आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते २००५ साली लिनक्स कर्नेलच्या (लिनक्स संगणकप्रणालीच्या गाभ्याच्या) कामासाठी लिहिले, पण कुठल्याही फोल्डरला ते चालते. आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत द्यायच्या. ‘--’ म्हणजे सलग दोन आडव्या रेघा, मध्ये जागा न सोडता.

प्रश्न: मी विंडोज लॅपटॉपवर अनुवादाचं काम करते. प्रत्येक पुस्तकाच्या फोल्डरात ‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘अंतिम दुरुस्त’ अशा फाइली साचतात आणि चार महिन्यांपूर्वी गाळलेला परिच्छेद कुठल्या फाइलीत आहे ते सापडत नाही. मला रोज आठवणीने काही करायला लावू नका. सगळं आपोआप व्हायला हवं. (अनुवादक, दादर)

उत्तर: होईल. एकदा तासभर बसून मांडणी करावी लागेल, पुढे हात लावायची गरज क्वचित पडेल.

‘गिट फॉर विंडोज’ बसवा. त्याच्यासोबत ‘गिट बॅश’ नावाची खिडकी येते. सगळ्या आज्ञा तिथेच द्या. आधी गिटला तुमचे नाव आणि ईमेल सांगा: ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल यूजर.नेम’ आणि पुढे अवतरणचिन्हांत नाव, मग तसेच ‘यूजर.ईमेल’. हे राहिले तर पहिलीच नोंद अडते आणि ‘तुम्ही कोण ते सांगा’ अशा अर्थाचा संदेश येतो. मग पुस्तकाच्या फोल्डरात जाऊन ‘गिट इनिट’ द्या. तिथे ‘.गिट’ नावाचा लपलेला फोल्डर तयार होतो. सगळा इतिहास त्याच्यात असतो, त्यामुळे साफसफाई करताना तो उडवू नका.

पहिली नोंद करण्याआधी ‘.गिटइग्नोर’ नावाची साधी मजकूर फाइल बनवा आणि काय नोंदवायचे नाही ते एकेका ओळीत लिहा. वर्ड उघडे असताना ‘~$’ ने सुरू होणाऱ्या तात्पुरत्या फाइली बनतात, त्या इथे घाला. स्कॅन केलेल्या मोठ्या पीडीएफही घाला. क्रम महत्त्वाचा आहे, कारण एकदा नोंदीत शिरलेली फाइल नंतर या यादीत लिहून बाहेर पडत नाही. तिला ‘गिट आरएम --कॅश्ड’ देऊन वेगळे काढावे लागते.

आता आपोआप चालणारा भाग. नोटपॅडमध्ये ‘.बॅट’ शेपटाची फाइल बनवा. पहिल्या ओळीत ‘सीडी /डी’ आणि फोल्डरचा पूर्ण पत्ता. दुसरी ओळ ‘गिट ॲड --ऑल --इग्नोर-एरर्स’. तिसरी ओळ ‘गिट डिफ --कॅश्ड --क्वाएट || गिट कमिट -एम’ आणि पुढे अवतरणात ‘ऑटो’. मधल्या दोन उभ्या रेघांचे काम असे: बदल नसेल तर पुढचा भाग चालतच नाही, त्यामुळे रिकाम्या नोंदी होत नाहीत. नोंदीचा हा शब्द रोमनमध्येच ठेवा. बॅच फाइलीत देवनागरी लिहिले तर कोडपेजमुळे (विंडोजच्या जुन्या अक्षर-संकेत पद्धतीमुळे) त्याची चिन्हे बिघडतात. तारीख-वेळ लिहायची गरज नाही, ती गिट स्वतः टाकते.

‘--इग्नोर-एरर्स’ मुद्दाम घातले आहे. वर्ड किंवा एक्सेलने धरून ठेवलेली फाइल वाचायला गिटला कधी कधी परवानगी मिळत नाही, आणि हे शब्द नसतील तर एका अडलेल्या फाइलीपायी बाकीच्याही राहून जातात.

ही बॅच फाइल टास्क शेड्यूलरमध्ये (ठरावीक वेळी काम चालवणारी विंडोजची सोय) ‘क्रिएट टास्क’ने लावा. ट्रिगरमध्ये ‘वन टाइम’ निवडून दर १५ मिनिटांनी, ‘इनडेफिनिटली’ अशी पुनरावृत्ती ठेवा. ‘कंडिशन्स’मध्ये ‘लॅपटॉप विजेवर जोडलेला असेल तरच सुरू करा’ अशा अर्थाची खूण आधीपासून असते, ती काढा. ती राहिली तर लोकलमध्ये किंवा वाचनालयात बॅटरीवर केलेले काम नोंदलेच जात नाही. दर वेळी काळी खिडकी चमकून जाते तिचा त्रास होत असेल तर ‘यूजर लॉग-ऑन असो वा नसो’ हा पर्याय घ्या. त्यासाठी विंडोजचा पासवर्ड लागतो, पिन चालत नाही. काम मात्र तुमच्याच खात्याखाली चालवा. ‘सिस्टम’ खात्याखाली लावले तर त्याला तुमचे नाव-ईमेल सापडत नाही, शिवाय २०२२ पासूनचे गिट दुसऱ्याच्या मालकीच्या फोल्डरात काम करायला नकार देते.

जुनी आवृत्ती काढायची पद्धत आजच शिकून ठेवा. ‘गिट लॉग --वनलाइन -- फाइलीचे नाव’ दिले की त्या फाइलीच्या नोंदी दिसतात, प्रत्येकीपुढे सात-आठ चिन्हांचा क्रमांक असतो. गाळलेला परिच्छेद शोधायचा असेल तर ‘गिट लॉग -एस’ (हा ‘एस’ मोठा) आणि त्याला चिकटून अवतरणात त्या परिच्छेदातले दोन-तीन शब्द द्या. ते शब्द ज्या नोंदींत आले किंवा गेले तेवढ्याच समोर येतात. हे साध्या मजकूर फाइलींत चालते, वर्डच्या फाइलींत नाही. तुमचा मूळ मसुदा ‘.टीएक्सटी’मध्ये ठेवून वर्ड फक्त शेवटच्या मांडणीला वापरा असे आम्ही सुचवतो ते यासाठीच.

मग ‘गिट शो क्रमांक:फाइल > जुनी.टीएक्सटी’ केले की जुनी आवृत्ती वेगळ्या फाइलीत उतरते. ‘गिट रिस्टोर --सोर्स=क्रमांक फाइल’ ही आज्ञा थेट चालू फाइलीवर जुनी आवृत्ती टाकते, म्हणून आधी ताजी नोंद झाली आहे ना ते बघा. आणि ‘>’ ची आज्ञा विंडोज पॉवरशेलमध्ये देऊ नका. तो मजकूर दुसऱ्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरे साठवायच्या पद्धतीत) लिहितो, देवनागरी बिघडते आणि वर्डची फाइल तर उघडतच नाही.

दोन गोष्टी ध्यानात असू द्या. गिटला दिसते ते डिस्कवर सेव्ह झालेलेच; पडद्यावर लिहिलेले पण सेव्ह न केलेले त्याला माहीत नसते. आणि पंधरा मिनिटांच्या नोंदी यंत्राच्या असतात, त्यांना अर्थ नसतो. प्रकरण संपादकाकडे पाठवले त्या दिवशी ‘गिट टॅग’ आणि एक नाव एवढे हाताने द्या. आपोआप नोंदी हरवलेले परत मिळवायला उपयोगी पडतात. ‘संपादकांना पाठवलेली प्रत कोणती’ याचे उत्तर फक्त तुमच्या टॅगमधून मिळते.

प्रश्न: वरच्यासारखीच व्यवस्था आमच्याकडे होती. हार्ड डिस्क सांभाळणाऱ्या मुलाने परवा पाहिलं तर दोन महिन्यांत एकही नोंद नाही. कुणालाच काही कळलं नाही. असं का होतं? (लेखापाल, मुलुंड)

उत्तर: बहुधा ‘.गिट’ फोल्डरात ‘इंडेक्स.लॉक’ नावाची फाइल अडकली असेल. गिट काम सुरू करताना ती बनवते आणि संपल्यावर काढते. मध्येच वीज गेली किंवा संगणक जबरदस्तीने बंद केला की ती तशीच राहते. पुढच्या प्रत्येक वेळी गिटला वाटते की दुसरे कोणी काम करत आहे, म्हणून ते थांबते. हाताने आज्ञा दिली तर चूक पडद्यावर दिसते. आपोआप चालणाऱ्या कामात ती कुणी वाचत नाही.

टास्क मॅनेजरमध्ये गिट चालू नाही ना ते आधी पाहा, मगच ती फाइल काढा. त्यानंतर ‘गिट एफएससीके’ चालवा. वीज अवेळी गेल्यावर इतिहासातल्या काही वस्तू (गिटचे ‘ऑब्जेक्ट’, म्हणजे साठवणीचे तुकडे) शून्य बाइटच्या होऊन बसतात, ते या तपासणीत कळते. पुढे दर सोमवारी कार्यालय उघडले की ‘गिट लॉग -१’ पाहा. शेवटच्या नोंदीची तारीख कामाच्या शेवटच्या दिवसाशी जुळली पाहिजे. स्वयंचलित व्यवस्थेत हातानं करायचं हे काम आहे, आणि ते टाळू नये.

प्रश्न: आमचे दावे-प्रतिदावे सगळे वर्डमध्ये असतात. गिट ‘बायनरी फाइल वेगळी आहे’ एवढंच सांगतं, काय बदललं ते दाखवत नाही. आणि या नोंदींची वेळ न्यायालयात पुरावा म्हणून चालेल का? (वकील, फोर्ट)

उत्तर: वर्डची ‘.डॉक्स’ (रोमनमध्ये डी-ओ-सी-एक्स) फाइल ही आतून एक झिप असते, त्यामुळे गिटला मजकूर थेट दिसत नाही. पॅनडॉक हे मोफत साधन बसवा. फोल्डरात ‘.गिटॲट्रिब्यूट्स’ फाइल करून ‘*.डॉक्स डिफ=वर्ड’ ही ओळ लिहा, आणि ‘गिट कॉन्फिग डिफ.वर्ड.टेक्स्टकॉन्व्ह’ला ‘पॅनडॉक --टू=प्लेन --रॅप=नन’ हे मूल्य द्या. आता ‘गिट डिफ --वर्ड-डिफ’ केले की कुठला शब्द गेला आणि कुठला आला ते दिसेल. ‘--रॅप=नन’ विसरलात तर एक शब्द वाढल्याने परिच्छेदाच्या सगळ्या ओळी सरकतात.

इथे एक मेख आहे. वर्डमधले ‘ट्रॅक चेंजेस’ पॅनडॉक मान्य झाल्यासारखे धरते आणि समासातल्या टिपा सोडून देते. पक्षकाराने सुचवलेला पण तुम्ही अजून न स्वीकारलेला बदल त्यामुळे पक्का झाल्यासारखा दिसेल. दोघांनी एकाच वेळी बदललेल्या दोन वर्ड फाइली गिट जुळवूनही देत नाही. एक निवडावी लागते.

वेळेबद्दल: नोंदीवरची वेळ ही त्या संगणकाच्या घड्याळाची असते आणि नोंद करणारा ती हवी तशी देऊ शकतो. कार्यालयातल्या कामासाठी ती विश्वासाची आहे, पण केवळ तिच्या जोरावर समोरच्या पक्षापुढे काही सिद्ध होईल असे धरून चालू नका.

प्रश्न: लिनक्सवर क्रॉन (ठरावीक वेळी काम चालवणारी सोय) लावून दर दहा मिनिटांनी कमिट, म्हणजे नोंद, करतो. प्रकल्पातले मित्र म्हणतात की इतिहासात ‘ऑटो, ऑटो, ऑटो’ शिवाय काही दिसत नाही, आणि एकदा तर अर्धवट मर्जच्या (दोन ठिकाणचे बदल जुळवण्याच्या) खुणा असलेला कोड कमिट होऊन सगळ्यांकडे गेला. (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, माटुंगा)

उत्तर: मित्रांचे बरोबर आहे. आपोआप नोंदी तुमच्या यंत्रावरच, वेगळ्या शाखेत (इतिहासाच्या समांतर धारेत) राहायला हव्यात आणि स्क्रिप्टमध्ये ‘पुश’ (नोंदी इतरांकडे पाठवणे) असताच कामा नये. दिवसभर ‘ऑटो’ शाखेत काम करा. एक भाग पुरा झाला की ‘गिट स्विच मेन’, मग ‘गिट मर्ज --स्क्वॉश ऑटो’, आणि नीट संदेश लिहून एकच कमिट करा. त्यानंतर मेनवरून नवी ऑटो शाखा काढा. जुनीच पुढे चालवलीत तर स्क्वॉश झालेले (एका नोंदीत एकत्र केलेले) बदल गिटला नवे वाटतात आणि पुढच्या मर्जला तेच तेच कॉन्फ्लिक्ट (एकमेकांशी न जुळणारे बदल) येत राहतात.

अर्धवट मर्जचे कारण ‘गिट ॲड --ऑल’ हेच. कॉन्फ्लिक्टच्या खुणा असलेली फाइल तुम्ही ‘ॲड’ केली की गिट ती सोडवलेली समजते, आणि क्रॉनने ते तुमच्या वतीने करून टाकले. स्क्रिप्टच्या सुरुवातीला तपासा: ‘.गिट’मध्ये ‘मर्ज_हेड’ (हे नाव मोठ्या अक्षरांत) ही फाइल, किंवा ‘रिबेस-मर्ज’ वा ‘रिबेस-अप्लाय’ हे फोल्डर असतील तर काही न करता बाहेर पडा. तुम्ही ‘गिट ॲड -पी’ वापरून निवडक बदल वेचत असाल तर तेही ही स्क्रिप्ट पुसते. अशा वेळी ती तात्पुरती बंद ठेवा. कमिटला ‘--नो-व्हेरिफाय’ जोडा, नाहीतर प्री-कमिट हुक (नोंदीआधी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) दर दहा मिनिटांनी सगळ्या चाचण्या चालवेल.

क्रॉनची स्वतःचीही एक खोड आहे. क्रॉनटॅबच्या ओळीत ‘%’ आले की क्रॉन तिथे ओळ तोडतो, म्हणून ‘डेट’चे स्वरूप थेट तिथे लिहू नका, स्क्रिप्टच्या फाइलीत लिहा.

ठरावीक वेळेऐवजी प्रत्येक सेव्हला नोंद हवी असेल तर ‘गिटवॉच’ नावाची स्क्रिप्ट आहे. लिनक्सवर ती ‘आयनोटिफाय’वर (फाइल बदलली की कळवणाऱ्या कर्नेलच्या सोयीवर) चालते. नोड मॉड्यूल्सच्या (जावास्क्रिप्ट प्रकल्पातल्या तयार पॅकेजेसच्या) फोल्डरासकट सगळ्यावर पहारा ठेवला तर कर्नेलची पहाऱ्यांची मर्यादा संपते, तेव्हा आधी तो वगळा. केवळ चुकून खोडलेले परत हवे एवढीच गरज असेल तर व्हीएस कोडमध्ये २०२२ पासून ‘लोकल हिस्ट्री’ आहे, ‘टाइमलाइन’मध्ये पाहा. मूळ मांडणीत ती प्रत्येक फाइलीच्या ५० आवृत्त्या ठेवते आणि २५६ केबीपेक्षा मोठ्या फाइली सोडते.

प्रश्न: आमच्या फाइलींची नावं मराठीत आहेत. ‘गिट स्टेटस’ केलं की नावांऐवजी तिरप्या रेघा आणि आकडे येतात. शिवाय काही ओळी बदललेल्या दाखवतो, पण दोन्हीकडे शब्द अगदी एकच असतो! (अक्षरजुळणी व डीटीपी, गिरगाव)

उत्तर: पहिली अडचण एका आज्ञेची आहे: ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स’. लॉग वाचताना मजकुराऐवजी कोनी कंसातली अक्षरे दिसत असतील तर ‘लेसकॅरसेट’ (हे नाव मोठ्या अक्षरांत) या पर्यावरण-चलाला (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) ‘यूटीएफ-८’ हे मूल्य द्या.

दुसऱ्या प्रश्नाने आम्हाला विशेष आनंद झाला, कारण मराठी मजकुराची ही खरी अडचण आहे आणि ती फार कमी ठिकाणी समजावलेली दिसते. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो. एका कळफलकावर ‘ऱ’ आणि हलन्त, तर दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे. ‘ऱ’ हे अक्षरही एकसंध किंवा ‘र’ अधिक नुक्ता (अक्षराखालचे टिंब) असे दोन्ही रूपांत असू शकते. ‘ॲ’चे तसेच: एक स्वतंत्र अक्षर आहे आणि दुसरे ‘अ’वर चंद्र देऊन केलेले. कागदावर सगळे सारखेच उमटते. गिट बाइट पाहते, म्हणून ते त्याला वेगळे वाटते, आणि ते योग्यच सांगते. पानभर ‘शोधा आणि बदला’ करताना काही शब्द का सुटतात त्याचेही कारण हेच.

कार्यालयात सगळ्यांनी एकच कळफलक वापरायचा, एवढ्याने पुष्कळ निस्तरते. जुन्या फाइलींसाठी पायथनमधल्या ‘युनिकोडडेटा’ने सगळा मजकूर एनएफसी रूपात (युनिकोडने ठरवलेल्या जोडलेल्या रूपात) एकदा आणा आणि ती स्वतंत्र नोंद करा. एनएफसीमुळे ‘र’ अधिक नुक्त्याचा ‘ऱ’ होतो, पण जोडकवाला अर्धा र आणि ‘अ’वरचा चंद्र तसेच राहतात, ते नेमके शोधून बदलावे लागतात. फाइलींच्या नावांत मात्र ‘ऱ’ आणि ‘ॲ’ टाळाच. मॅक आणि विंडोज मिळून काम चालत असेल तर एकाच नावाच्या दोन फाइली दिसू लागतात.

युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या जुन्या फाइलींचा इतिहास राखता येतो, पण फरक वाचता येत नाही. आधी त्या युनिकोडमध्ये बदला.

प्रश्न: कार्यालयात तिघेजण एका शेअर्ड फोल्डरवर काम करतो. कुणालाही आज्ञा शिकायच्या नाहीत. ‘सेव्ह’ दाबलं की आवृत्ती व्हावी. (वास्तुरचनाकार, प्रभादेवी)

उत्तर: हे सबव्हर्जन या आवृत्त्या राखणाऱ्या दुसऱ्या साधनाने साधते. अपाची या वेब सर्व्हरवर त्याची रिपॉझिटरी (इतिहासाचा साठा) ठेवून मांडणीत ‘एसव्हीएनऑटोव्हर्जनिंग ऑन’ ही ओळ लिहिली की वेबडाव्हने (वेबवरून फोल्डर जोडण्याच्या पद्धतीने) जोडलेल्या ड्राइव्हवर केलेला प्रत्येक सेव्ह एक आवृत्ती बनतो. प्रत्येकाला वेगळे लॉगिन द्या, नाहीतर बदल कुणी केला ते नोंदले जात नाही. जोडणी एचटीटीपीएसने करा. साध्या एचटीटीपीवर विंडोज पासवर्ड पाठवायला नकार देते. विंडोजचा वेबडाव्ह क्लायंट मुळात सुमारे ५० एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही. तुमच्या आराखड्यांच्या फाइली त्याहून मोठ्या असतील तर रजिस्ट्रीतले ‘फाइलसाइझलिमिटइनबाइट्स’ वाढवावे लागेल.

कुणी सर्व्हर सांभाळणारे नसेल तर या वाटेला जाऊ नका. गूगल ड्राइव्हही आवृत्त्या ठेवतो, पण बाहेरून चढवलेल्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवसांनी किंवा १०० आवृत्त्यांनंतर पुसल्या जाऊ शकतात. महापालिकेला सादर केलेल्या आवृत्तीवर ‘कीप फॉरएव्हर’ची खूण लगेच करा.

प्रश्न: आमचं कार्यालय तळमजल्यावर आहे, म्हणून गिटचा अख्खा फोल्डर ड्राइव्हच्या सिंक फोल्डरात ठेवला. आता ‘ऑब्जेक्ट सापडत नाही’ असं येतंय. (सोसायटीचे सचिव, कुर्ला)

उत्तर: प्रत बाहेर असावी हा विचार बरोबरच आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांचे काय झाले ते कुर्ल्याला सांगायला नको. फक्त पद्धत बदला. ‘.गिट’मध्ये शेकडो छोट्या फाइली परस्परांवर अवलंबून असतात आणि सिंक त्या एकेक करून, कुठल्याही क्रमाने पाठवतो. शाखेचा नवा पत्ता पोचला पण त्या पत्त्यावरची वस्तू अजून पोचली नाही, असे झाले की हा संदेश येतो. दोन संगणकांवरून काम झाले तर गोंधळ दुप्पट.

गिटचा फोल्डर सिंकबाहेर, साध्या डिस्कवर हलवा. रोज संध्याकाळी ‘गिट बंडल क्रिएट’, पुढे ड्राइव्हमधल्या फाइलीचा पत्ता आणि ‘--ऑल’. सगळा नोंदलेला इतिहास एका फाइलीत बांधला जातो आणि ती सुखाने सिंक होते. नावात तारीख घाला, शेवटच्या सात ठेवा. दर महिन्याला एक बंडल दुसऱ्या संगणकावर ‘गिट क्लोन’ने उलगडून चार फाइली उघडून पाहा. सभासदांच्या आधारच्या प्रती या फोल्डरात ठेवू नका: एकदा नोंदल्या की फाइल खोडूनही त्या इतिहासात आणि प्रत्येक बंडलमध्ये राहतात. आधीच शिरल्या असतील तर ‘गिट फिल्टर-रेपो’ने इतिहास नव्याने लिहावा लागेल आणि जुनी बंडले पुसावी लागतील, ड्राइव्हच्या कचरापेटीतलीसुद्धा.

प्रश्न: व्हिडिओ संकलनाच्या फाइलींना गिट चालेल का? एकेक फूटेज ८-१० जीबीचं असतं. (संकलक, अंधेरी)

उत्तर: फूटेजला नाही. चित्रणाची मूळ फाइल बदलतच नाही, तिला इतिहास लागत नाही. दोन वेगळ्या डिस्कवर प्रत पुरे. गिटहब तर १०० एमबीच्या वरची साधी फाइल घेतच नाही. इतिहास हवा तो प्रोजेक्ट फाइल, उपशीर्षकांच्या एसआरटी आणि संहितेला. तेवढ्याच गिटमध्ये ठेवा, आणि ‘.गिटइग्नोर’मध्ये फूटेज, प्रॉक्सी आणि कॅशचे फोल्डर पहिल्या नोंदीआधी लिहा. मॅक असेल तर टाइम मशीनही चालू ठेवा; ते शेवटच्या २४ तासांच्या तासागणिक, महिन्याभराच्या दिवसागणिक आणि त्याआधीच्या आठवड्यागणिक प्रती ठेवते, आणि डिस्क भरली की सर्वांत जुनी प्रत आधी काढते. फूटेजची डिस्क त्यातून वगळा, नाहीतर हे जुने काढणे लवकर सुरू होते.